दवंडी आणि अनुग्रह : एका ख्रिस्ती आज्ञेचीं मराठी रूपें

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस एक आज्ञा आहे. पुनरुत्थित येशू गालीलांतील एका डोंगरावर आपल्या अकरा शिष्यांस भेटतो व त्यांस सर्व राष्ट्रांकडे पाठवितो. मार्काच्या ग्रंथाच्या शेवटींहि अशाच आशयाचें, परंतु निराळ्या शब्दांचें, एक वचन आढळतें. ख्रिस्ती धर्माचा जो जगभर प्रसार झाला त्यास मुख्य आधार या दोन वचनांचा. आणि ही वार्ता जगाच्या टोंकापर्यंत नेणें हें प्रत्येक श्रद्धावंताचें कर्तव्य आहे, असा पक्ष त्या धर्मांत आजहि बलवान् आहे. त्या पक्षाचें मंडन किंवा खंडन हा आमचा विषय नव्हे. ज्या आज्ञेच्या नांवानें मराठी भाषेंत एक अपूर्व पुराण रचिलें गेलें, व्याकरण व कोश छापले गेले, रस्तोरस्तीं चोपड्या वांटल्या गेल्या आणि पुण्यांत एका विद्यालयावरून मोठें वादळ उठलें, ती आज्ञा मुळांत काय सांगते व मराठींत आल्यावर तिचें काय झालें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. ताम्रपट हातीं आला म्हणजे दाता कोण, प्रतिग्रह करणारा कोण, क्रियापद कोणतें व कोणत्या ओळी मागाहून कोरलेल्या, हे प्रश्न आपण प्रथम विचारतों. येथेंहि तेच विचारावे.

मत्तयाच्या ग्रीक वाक्यांत आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, व त्याचा अर्थ ‘शिष्य करणें’ असा आहे. ‘जाणें’ हें तेथें धातुसाधित आहे, आपल्या क्त्वान्ताच्या जवळचें. ‘बाप्तिस्मा देणें’ व ‘शिकविणें’ हींहि धातुसाधितेंच, शतृप्रत्ययान्त म्हणावीं तशीं. इंग्रजी भाषांतरांत मात्र ‘जा’ हा शब्द वाक्याच्या आरंभींच आज्ञार्थी होऊन बसतो; त्यामुळें ऐकणाराच्या डोळ्यांपुढें प्रथम जहाज उभें राहतें, शिष्य मागाहून येतो. मराठीस ही अडचण पडत नाहीं. ‘जाऊन’ असें म्हटलें कीं जाणें आपोआप गौण होतें. अशा धातुसाधितास मुख्य क्रियापदाच्या आज्ञेचा कांहीं अंश लाभतो हें खरें आहे. ‘जाऊन पाणी आण’ असें सांगितल्यावर जाणें ऐच्छिक राहत नाहीं. तरी माणूस जातो तो पाण्यासाठींच.

मार्काच्या वचनांतील क्रियापद याहून भिन्न आहे. राजाचा हुकूम चव्हाट्यावर पुकारणाऱ्या माणसाच्या नांवावरून तें बनलें आहे. आपल्याकडे ज्यास दवंडी पिटणें म्हणतात तोच त्याचा मूळ भाव. दवंडी पिटणाराचा आणि ऐकणाराचा संबंध दवंडी संपली कीं संपतो. गुरुशिष्यांचा संबंध तेथून पुढें सुरू होतो. ‘शिष्य’ हा शब्द मराठींत येतांना एकटा येत नाहीं. अनुग्रह, सेवा, शंका, वर्षानुवर्षांचा सहवास हें सर्व तो बरोबर घेऊन येतो. आज प्रचलित असलेल्या मराठी पवित्र शास्त्रांत मत्तयाच्या या स्थळीं हाच शब्द योजिला आहे, व तो आमच्या मतें अचूक आहे.

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस आणखी एक गोष्ट रुचेल. मार्काच्या शेवटच्या अध्यायांतील ज्या बारा वचनांत ही दवंडीची आज्ञा येते, तीं बारा वचनें चवथ्या शतकांतील दोन अतिप्राचीन पोथ्यांत, म्हणजे व्हॅटिकन व सिनाई येथील पोथ्यांत, मुळींच नाहींत. तेथें ग्रंथ रिकाम्या कबरीपासून भिऊन पळणाऱ्या स्त्रियांच्या वर्णनावरच थांबतो. यावरून पुष्कळ विद्वान् हा भाग प्रक्षिप्त मानतात. उलट पक्षीं, दुसऱ्या शतकांतील इरेनियस या आचार्यास या भागांतील एक वचन मार्काचें म्हणून ठाऊक होतें. म्हणजे प्रक्षेप असला तरी तो जुना आहे. आपल्याकडे भारताच्या पाठांविषयीं वाद करितांना हाच पेंच पडतो : प्राचीन पोथींत नाहीं, पण प्राचीन टीकाकारास ठाऊक आहे. तेव्हां एवढ्यावरून पुकारा करण्याची आज्ञाच बनावट ठरवूं पाहणारांशीं आम्ही सहमत नाहीं. लूकाच्या शेवटींहि सर्व राष्ट्रांत घोषणा व्हावी असें म्हटलें आहे, आणि तेथें पाठाचा कांहीं संशय नाहीं. मात्र वजन कोणत्या शब्दाला किती द्यावें हें ठरवितांना, निर्विवाद पाठांत मत्तयानें ‘शिष्य’ म्हटलें आहे, हें विसरूं नये.

आतां अधिकाराचा प्रश्न. आज्ञा अकरांस झाली. तिचा अधिकारी कोण? अकराच, कीं त्यांच्या मागून येणारा प्रत्येकजण? इंग्लंडांतील अनेक धर्मशास्त्री अठराव्या शतकांत असें मानीत कीं ही आज्ञा प्रेषितांबरोबर संपली. विल्यम केरी या बाप्तिस्त उपदेशकानें सन १७९२ मध्यें एक लहानसा निबंध छापून हें मत खोडून काढलें. त्याची कोटी मीमांसकासहि मान्य व्हावी अशी आहे. शिष्य करण्याचा विधि जर अकरांपुरता, तर त्याच वाक्यांतील बाप्तिस्म्याचा विधिहि अकरांपुरताच झाला पाहिजे. मग आज तुम्ही बाप्तिस्मा कोणत्या आधारानें देतां? शिवाय युगाच्या समाप्तीपर्यंत सोबत राहण्याचें जें आश्वासन त्याच ठिकाणीं दिलें आहे, तें अकरांच्या आयुष्यापुरतें कसें असेल? एका वाक्याचा अर्धा भाग चालू धरावयाचा व अर्धा सोडावयाचा, यास आपले लोक वाक्यभेद म्हणतात, आणि तो दोष आहे. केरीस जैमिनि ठाऊक नव्हता. पण न्याय तोच.

परंतु प्रत्येकावर पडलेलें कर्तव्य प्रत्येकानें करावयाचें कसें? केरीचें उत्तर व्यवहारी होतें : मंडळी स्थापावी, प्रार्थना करावी, आणि प्रत्येकानें दर आठवड्यास एक पेनी द्यावी. म्हणजे यज्ञ सर्वांचा, यजमान घरीं, आणि ऋत्विज दक्षिणेवर दूरदेशीं. पुढील शंभर-सव्वाशें वर्षांतील मिशनांच्या कामाचें बळ आणि दुबळेपण हीं दोन्ही या व्यवस्थेंत आहेत, असें आम्हांस वाटतें. दक्षिणा घेणाऱ्या ऋत्विजास हिशेब द्यावा लागतो. आणि किती चोपड्या वांटल्या, किती बाजारांत उपदेश केला, हें मोजतां येतें. अनुग्रह मोजतां येत नाहीं.

हाच केरी पुढें बंगाल्यांत श्रीरामपूर येथें राहिला, आणि सन १८०५ मध्यें त्याचें मराठी व्याकरण व मत्तयाचें मराठी भाषांतर हीं दोन्ही तेथून बाहेर पडलीं. कोश सन १८१० मध्यें मोडी टाइपांत छापला गेला. ज्या वचनाच्या अर्थावर त्यानें तेरा वर्षांपूर्वीं निबंध लिहिला होता, तेंच वचन मराठींत छापण्याचा योग त्याच्याच हातून आला. यांत एक गंमत आहे ती सहसा कोणी सांगत नाहीं. या मराठी कामांत केरीचा उजवा हात होता तो वैजनाथ पंडित. सिंहासनबत्तिशी, पंचतंत्र व हितोपदेश यांच्या श्रीरामपुरी मराठी प्रतींशीं ज्याचें नांव निगडित आहे तोच हा. प्रत्येक श्रद्धावंताकडून अपेक्षिलेलें काम येथें श्रद्धा न बदललेल्या एका शास्त्र्याच्या लेखणीनें पार पडलें, आणि त्यास त्याचें वेतन मिळालें. पुढें एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांचीं म्हणून जीं पुस्तकें प्रसिद्ध झालीं त्यांतील पुष्कळांमागें असा कोणी पंडित उभा आहे. मुखपृष्ठावर तो दिसत नाहीं.

केरीचें मराठी बंगाल्यांत बसून लिहिलेलें, म्हणून त्याला मातीचा वास नाहीं. मुंबईस सन १८१३ मध्यें आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांची स्थिति निराळी होती. गॉर्डन हॉल व सॅम्युएल न्यूएल हे मुंबईंत मराठी लोकांमध्यें राहून भाषा शिकले, आणि त्या दोघांचें ‘जगाचें धर्मांतर’ या अर्थाच्या नांवाचें इंग्रजी पुस्तक सन १८१८ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. साठ कोटि लोकांचा आपणांवर हक्क आहे असें त्याच्या नांवांतच म्हटलें आहे. पेशवाई बुडाली त्याच वर्षीं मुंबईच्या किनाऱ्यावरून कोणी साऱ्या जगाची बेरीज मांडीत होता, हें आपल्या कालगणनेंत नमूद असावें. न्यूएल सन १८२१ मध्यें मुंबईस वारला. हॉल सन १८२६ मध्यें नाशिकच्या बाजूस फिरत असतां पटकीनें गेला. माणसें सच्चीं होतीं, यांत संशय नाहीं.

त्यांच्या परंपरेंत रूढ झालेल्या ‘शुभवर्तमान’ या शब्दाविषयीं एक वाक्य लिहिल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. ग्रीक शब्दाचे दोन अवयव, ‘चांगलें’ आणि ‘वार्ता’, हे येथें जसेच्या तसे उतरले आहेत. पण ‘वर्तमान’ हा शब्द निवडण्यांत खरी मौज आहे. जुन्या पत्रव्यवहारांत ‘इकडील वर्तमान’ म्हणजे छावणीची, दरबाराची, पाऊसपाण्याची, मरणाधरणाची खबर. दप्तरांतील कागद वाचणारास तो शब्द उपदेशाचा वाटतच नाहीं. घडलेल्या गोष्टीचा वाटतो. ‘सुवार्ता’ हा पर्याय अधिक गोड आहे, पण त्यांत पत्राचा तो खरखरीतपणा नाहीं.

येथवर जें सांगितलें तें प्रोटेस्टंटांचें. परंतु केरीच्या निबंधापूर्वीं पावणेदोनशें वर्षें ही आज्ञा गोंव्यांत मराठी बोलत होती, आणि आमच्या समजुतीनें तिचें सर्वांत मोठें वाङ्मयीन रूप तेंच आहे. थॉमस स्टीफन्स हा येशूसंघी पाद्री सन १५७९ मध्यें गोंव्यास उतरला, साष्टी प्रांतांत त्यानें आयुष्य घालविलें, आणि त्याचें क्रिस्तपुराण सन १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें. जवळजवळ अकरा हजार ओव्या, दोन पुराणें, रोमन लिपि आणि मराठी भाषा. ज्ञानेश्वर-एकनाथांचा ओवीछंद विल्टशायरमध्यें जन्मलेल्या माणसाच्या हातीं इतका सहज चालावा, याचें कौतुक आजवर पुष्कळांनीं केलें आहे. तें आम्ही पुन्हां करीत नाहीं.

आम्हांस महत्त्वाची वाटते ती त्या पुराणाची प्रस्तावना-कथा. साष्टींतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूस विचारतो : आमचीं पूर्वींचीं पुराणें तर बंद झालीं, मग आम्हीं वाचावें काय? या प्रश्नास उत्तर म्हणून सारें पुराण अवतरतें. शंका, समाधान, पुन्हां शंका, असा तो संवाद आहे. येथें दवंडी नाहीं. मत्तयाच्या क्रियापदाचें इतकें यथार्थ भाष्य मराठींत दुसरें झालेलें नाहीं.

आणि तरी त्या प्रश्नाचा पूर्वार्ध झाकून ठेवून उत्तरार्धाची स्तुति करणें, हें इतिहासास धरून होणार नाहीं. पुराणें आपोआप बंद झालीं नव्हतीं. साष्टींतील देवळें सन १५६७ च्या सुमारास पाडलीं गेलीं. जुने ग्रंथ बाळगणें हा गुन्हा झाला. सन १५८३ मध्यें कुंकळ्ळीस जो रक्तपात झाला व ज्यांत येशूसंघाचे पांच पाद्री मारले गेले, तोहि या दाबाचाच परिणाम. स्टीफन्स त्या वेळीं साष्टींतच होता. ज्याच्या घरांतील दिवा राज्यसत्तेनें विझविला त्यानें दिवा मागितला, आणि त्यास एक सुंदर समई दिली गेली. समईची घडण वाखाणावी, पण दिवा विझविणारे हात व समई देणारे हात एकाच सत्तेच्या आश्रयाखालीं होते, हेंहि लिहून ठेवावें. मत्तयाच्या वाक्यांत शिष्य करावे असें आहे. शिष्याची पोथी जप्त करावी असें त्यांत कोठेंहि नाहीं. स्टीफन्सच्या गुणांवर लुब्ध झालेले आमचे कांहीं अभ्यासक या ठिकाणीं फार हलक्या पावलानें जातात.

आतां त्या ग्रंथाच्या पुढील चरित्राकडे वळूं. कारण प्रत्येक श्रद्धावंताचा वांटा म्हणजे काय, याचें उत्तर आम्हांस तेथें मिळालें. क्रिस्तपुराण सन १६१६, १६४९ व १६५४ असें तीनदां छापलें गेलें. त्या तिन्ही आवृत्तींची एकहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. सन १६८४ मध्यें गोंव्याच्या विजरईनें देशी भाषेचा वापर सोडून पोर्तुगीज भाषा शिकण्याचा हुकूम काढला. त्या धोरणानंतर तेथें असें पुस्तक पुन्हां छापलें जाणें दुरापास्तच होतें. पुढची छापील आवृत्ति निघाली ती थेट सन १९०७ मध्यें मंगळुरास, सालढाणा यांनीं काढलेली. मध्यें गेलीं दोनशें त्रेपन्न वर्षें. एवढ्या काळांत हा ग्रंथ वांचला तो गोंव्याहून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो हातानें उतरून घेतला म्हणून. ना पाद्र्याचें वेतन, ना मंडळीची पेनी, ना वरून हुकूम. उलट हुकूम विरुद्ध. आपल्या पोथ्यांच्या अखेरीस ‘जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष माझा नव्हे’ असें म्हणणारे जे असंख्य लेखक आपण रोज भेटतों, त्यांच्याच जातीचे हे लोक. उपदेश करण्यास ते कोठें गेले नाहींत. पण पुराण त्यांनीं पुढच्या पिढीच्या हातीं दिलें. शब्द पोंचविणें याचा याहून स्वच्छ दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

या हस्तलिखितांत एक विशेष आहे. विल्यम मार्सडेन याच्या संग्रहांतून लंडनच्या प्राच्यविद्यालयांत गेलेली प्रत देवनागरींत आहे, आणि रोमन परंपरेंत जेथें पोर्तुगीज शब्द आहेत अशा पुष्कळ ठिकाणीं तींत संस्कृत शब्द आढळतात. मूळ कोणतें व संस्करण कोणतें, हा वाद आहे. आमचा कल रोमन पाठाकडे आहे. सोपा शब्द अवघड करणारा लेखक विरळा, परका शब्द परिचित करणारा घरोघरीं. हा पाठनिर्णयाचा साधा नियम येथें लागू व्हावा. तसें असेल तर देवनागरी प्रत ही आणखी मोलाची ठरते. कारण तिच्या लेखकानें केवळ नक्कल केली नाहीं, त्यानें विचार करून शब्द बदलले. स्वतः स्टीफन्सनें स्वर्गास वैकुंठ म्हणण्यास कचरावें असें त्यास वाटलें नव्हतें. हें लक्षांत ठेवावें. पुढें पुण्याकडे येतांना त्याचा उपयोग होईल. (देवनागरींत हें पुराण सबंध छापण्याचें काम सन १९५६ मध्यें पुण्याच्याच प्रसाद प्रकाशनानें केलें, संपादक शांताराम बंडेलू. स्टीफन्सनंतर लाक्रुआ या फ्रेंच पाद्र्यानें सन १६२९ मध्यें सेंट पीटरवर ओवीबद्ध ग्रंथ छापला. त्याचा गुण स्टीफन्सच्या खालचा.)

मुंबई-पुण्याच्या एकोणिसाव्या शतकाविषयीं थोडक्यांत सांगतां येतें, कारण तो काळ दवंडीचा होता. बाजारांतील उपदेश, फुकट चोपड्या, उत्तरादाखल चोपड्या, जाहीर वाद. सन १८३१ मध्यें मोरभट दांडेकर व जॉन विल्सन यांचा झगडा, सन १८५७ मध्यें मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबाबा ब्रह्मचाऱ्यांच्या सभा : दोन्हीकडे ऐकणारांपेक्षां बोलणारे तयार. या चोपड्यांतील भाषा परीक्षकास थकविते. प्रतिपक्ष्याच्या देवांची निंदा हा एकच रस, आणि प्रतिपक्षहि तोच रस उलट वाढून देतो. अपवाद संस्कृतांत सांपडतो. जॉन म्यूर यानें सन १८३९ मध्यें ‘मतपरीक्षा’ गुरुशिष्यसंवादरूपानें अनुष्टुभांत लिहिली. सुबाजी बापू या महाराष्ट्रीय पंडितानें तिला संस्कृतांतच उत्तर दिलें. आणि काशींत वाढलेल्या नीलकंठशास्त्री गोरे यांनीं सन १८४४ मध्यें ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचून वेदमार्गाचें समर्थन केलें. त्याच गोऱ्यांनीं सन १८४८ मध्यें बाप्तिस्मा घेतला. ज्याने उत्तर लिहिण्यासाठीं प्रतिपक्ष मनापासून वाचला, तोच प्रतिपक्षांत गेला. दवंडीनें हें घडलें नसतें. नेहेम्या गोरे पुढें पुण्यास पंचहौद मिशनांत राहिले. (तेथेंच सन १८९० मध्यें चहाचा तो प्रसिद्ध प्रसंग घडला, व रानडे-टिळकांसारख्यांस प्रायश्चित्ताच्या वादांत पडावें लागलें. ख्रिस्ताचें नांवहि न घेतां केवळ चहानें एवढी खळबळ उडाली, यावरून कोणास काय अनुमान काढावयाचें तें काढो.)

पुण्यांत या आज्ञेची खरी परीक्षा झाली ती सन १८९३ मध्यें, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावरून. सदनास बोस्टन येथील मंडळीचा पैसा होता, आणि तेथें धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं अशी बोली होती. रानडे, भांडारकर यांसारखे लोक सल्लागार म्हणून पाठीशीं होते ते याच भरंवशावर. बाईंनीं वर्गांत बायबल शिकविलें नाहीं. त्या आपल्या खोलींत प्रार्थना करीत, दार उघडें असे, आणि मुली येऊन बसत. केसरीनें झोड उठविली, सल्लागारांनीं अंग काढून घेतलें, पालकांनीं पुष्कळ मुली नेल्या.

या प्रकरणीं दोन्ही पक्षांस दोष देऊन मोकळें होण्याची रीत आहे. आम्हांस ती पुरेशी वाटत नाहीं. बाई श्रद्धावंत होत्या व विश्वस्तहि होत्या. प्रश्न हा कीं या दोन नात्यांपैकीं उघडें दार कोणाचें? खोली श्रद्धावंताची असेल, पण घर विश्वस्ताचें होतें. आईबापांनीं मुली ज्या वचनावर धाडिल्या तें वचन खोलीच्या उंबऱ्याशीं संपत नव्हतें. म्हणून सल्लागारांचा राजीनामा आम्ही न्याय्य समजतों. पण त्याच बरोबर हेंहि म्हणतों कीं, ज्या विधवांस त्यांच्या स्वतःच्या घरांत कोणी बसूं देत नव्हतें, त्यांस बसावेंसें वाटेल असें एकच दार त्या वेळच्या पुण्यांत उघडें होतें, ही गोष्ट केसरीच्या लेखांत आली पाहिजे होती, ती आली नाहीं. मुलींनीं बाईंच्या तोंडून दवंडी ऐकली नव्हती. त्यांनीं एका बाईस प्रार्थना करितांना पाहिलें होतें.

केडगांवास गेल्यावर रमाबाईंनीं जें केलें तें वाङ्मयपरीक्षकाच्या अधिक जवळचें आहे. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं सबंध बायबलाचें मराठी केलें. सन १९२२ मध्यें त्या वारल्या, आणि मुक्तिसदनांत स्त्रियांच्या हातांनीं जुळविलेला व छापलेला तो ग्रंथ सन १९२४ मध्यें पुरा बाहेर आला. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची कन्या, भागवत मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनीं सरस्वती म्हणून गौरविलेली. तिनें संस्कृत शब्द जाणून बुजून टाळले. एकतर ते खेड्यांतील स्त्रीस कळत नाहींत, आणि दुसरें असें कीं त्यांच्याबरोबर त्यांचे जुने अर्थ येतात. इंग्रज स्टीफन्स वैकुंठ हा शब्द निःशंक घेतो, आणि डोंगऱ्यांची लेक तसल्या शब्दांस उंबऱ्याबाहेर ठेविते. परक्यास शब्दाची शोभा दिसली, घरच्यास त्याचें वजन ठाऊक होतें. रमाबाईंची भाषा पुष्कळ ठिकाणीं रूक्ष आहे, मूळ हिब्रू वाक्यरचनेच्या पायांत पाय अडकून अडखळते, आणि वाङ्मय म्हणून ती स्टीफन्सच्या शेजारीं बसत नाहीं. पण ज्या वाचकासाठीं ती लिहिली त्या वाचकाकडे त्यापूर्वीं कोणीहि पाहिलें नव्हतें.

नारायण वामन टिळकांनीं मध्यममार्ग काढला असें म्हणण्याची चाल आहे. आम्ही म्हणतों, ते सर्वांपेक्षां पुढें गेले. सन १८९५ मध्यें बाप्तिस्मा, पुढें बावीस वर्षें मिशनाशीं संबंध, आणि सन १९१७ मध्यें मिशनाचें वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’. या दरबारांत बाप्तिस्मा झालेले व न झालेले, दोघांसहि जागा होती. पुष्कळ ख्रिस्ती मंडळींस यांत धर्मलोप दिसला. परंतु मत्तयाचें वाक्य पुन्हां पाहावें : शिष्य करणें प्रधान, बाप्तिस्मा देणें त्याचें अंग. अंग प्रधानाच्या मागून येतें, हें टिळकांस व्याकरणानें नव्हे तर वारकऱ्यांच्या सहवासानें कळलें असावें. अभंग आणि कीर्तन यांत बोलणारा व ऐकणारा दोघेहि एकाच देवापुढें उभे असतात, म्हणून तेथें दवंडीचा सूर लागतच नाहीं. वेतन सोडल्यामुळें ऋत्विज पुन्हां यजमान झाला. दोनच वर्षांनीं, सन १९१९ मध्यें, ते वारले. दरबार पसरावयाचा राहिला, आणि अपुरें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें.

दवंडी आणि अनुग्रह हा भेद केवळ पोथींतला नाहीं, हें स्वतंत्र भारताच्या न्यायालयांतहि दिसून आलें. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदानें आपल्या धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. मध्य प्रदेश व ओरिसा येथील धर्मांतरविषयक कायद्यांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें सन १९७७ मध्यें असा निर्णय दिला कीं, धर्मतत्त्वें सांगून प्रसार करण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचें धर्मांतर करण्याचा हक्क त्यांत येत नाहीं. म्हणजे मार्काचें क्रियापद मान्य, मत्तयाचें अमान्य. यावर पक्षोपपक्ष पुष्कळ आहेत. आम्हांस एवढेंच दिसतें कीं ‘शिष्य करणें’ यांत कर्ता गुरु आहे असें व्याकरण म्हणतें, आणि अनुभव म्हणतो कीं कर्ता शिष्य असतो. गोरे काशींत बसून स्वतःच वळले. साष्टीच्या ब्राह्मणानें प्रश्न स्वतः विचारला. त्याच साष्टींत प्रश्न विचारण्यावांचून दुसरा मार्गच ठेविला नव्हता. कायद्यानें जी रेषा ओढावयाची ती या शेवटच्या दोन गोष्टींच्या मधून जाते, आणि ती ओढणें अवघड आहे.

वार्ता उलट दिशेनेंहि गेली, हें सांगणें राहिलें. जस्टिन अॅबट हे अमेरिकन मराठी मिशनाचे पाद्री. मराठ्यांस येशूचें चरित्र सांगावें म्हणून आलेल्या या गृहस्थांनीं आयुष्याच्या उत्तरार्धांत एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांचीं चरित्रें व वाणी इंग्रजींत उतरविली, आणि ती ग्रंथमाला पुण्यांतील स्कॉटिश मिशनाच्या छापखान्यांत छापली गेली. लंडनची देवनागरी क्रिस्तपुराणाची प्रत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत अभ्यासकांच्या नजरेस आणून दिली तीहि त्यांनींच.

त्या प्रतीचा रोमन प्रतींशीं ओवीवार मेळ घालणाऱ्यांस आमची एक सूचना आहे, व ती खासगी संग्रह बाळगणाऱ्यांसहि आहे. कोंकण, गोमांतक किंवा कारवार-मंगळुराकडून आलेल्या रुमालांत रोमन अक्षरांचे जुने कागद निघाले तर ते पोर्तुगीज समजून वेगळे बांधून ठेवूं नयेत. चार ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या. ओवी असेल तर ती कानास लगेच कळते.